ओट्याखालचा माणूस : लिओ बेकलँड

फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग केमिस्ट्रीत बेकलाईट हा हुकमी प्रश्न. प्रिपरेशन, प्रॉपर्टीज आणि युजेस, चार मार्क. फिनॉल अधिक फॉर्माल्डिहाइड, बाणावर हीट, खाली एक जाळीदार स्ट्रक्चर, मग हार्ड, रिजिड, इन्सुलेटर, आणि शेवटी स्विच, प्लग व कुकरचं हँडल. झाले चार मार्क! परीक्षा संपली की वही रद्दीत आणि बेकलाईट विस्मरणात. नाव बेकलाईट का, हेसुद्धा कुणी विचारत नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांना त्याचा संबंध बेकरीशी आहे असंच वाटत असतं.

हे नाव एका माणसाचं आहे. लिओ हेन्ड्रिक बेकलँड. माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती लायब्ररीत नाही, तर आमच्या घरच्या स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा. म्हणून आधी स्वयंपाकघराचं सांगतो, मग साहेबांकडे वळतो.

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात कमरेपर्यंत आलं आणि बरेच दिवस राहिलं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर ओटा होता तसाच होता, नुसता गाळ धुऊन काढायचा. ओट्याखालची कपाटं मात्र पार्टिकल बोर्डची. ती चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली होती. दारं बिजागरीसकट हातात आली. विकताना दुकानदाराने वॉटरप्रूफ म्हणून विकली होती, असो. त्यानंतर इतकी वर्षं आईने ओट्याखाली जुन्या साडीचा पडदा लावून संसार केला. गेल्या दिवाळीत बाबांनी मनावर घेतलं आणि सुतारकाकांना बोलावलं.

हॉलच्या फरशीवर नमुने मांडले गेले. ग्रॅनाईटचे तुकडे, कडाप्पा, तीन प्रकारचे प्लाय, एमडीएफ, सनमायकाची पुस्तकं. बाबांना खर्च आवरायचा होता. आत्याला पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा हवा होता, तिने कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये पाहिला होता. आईची अट एकच, पुन्हा पाणी आलं तर फुगता कामा नये. सुतारकाकांनी मग प्लायचे दोन तुकडे माझ्या हातात दिले आणि कडेकडून बघ म्हणाले. साध्या प्लायमध्ये पातळ्यांमधली रेघ जवळजवळ दिसतच नव्हती. मरीन प्लायमध्ये ती गडद तांबूस-काळी होती. सनमायकाची मोडलेली कड पाहिली तर वर रंगीत कागद आणि खाली तोच काळपट तपकिरी थर. दोन्हीकडे एकच पदार्थ, फिनॉल फॉर्माल्डिहाइड. चार मार्कांचा प्रश्न आमच्या हॉलमध्ये फरशीवर पडला होता!

सुट्टी संपवून होस्टेलला परतलो आणि या माणसाविषयी मिळेल ते वाचून काढलं. पुढचं सगळं त्यातलं.

बेकलँडचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३चा, बेल्जियममधल्या गेन्ट शहरातला. वडील चांभारकाम करणारे, आई लोकांकडे घरकाम करणारी. वडिलांच्या मते पोराने लवकर हातात आरी घ्यावी आणि जोडे शिवावेत, शिक्षण ही श्रीमंतांची थेरं. आई मात्र हट्टाला पेटली होती. तिच्या जोरावर पोरगा शाळेत टिकला, रात्रीच्या वर्गांना गेला, शिष्यवृत्ती मिळवून गेन्टच्या विद्यापीठात पोहोचला आणि १८८४मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, केमिस्ट्रीतला डॉक्टर झाला. (आपल्यातले काही जण या वयात एम-थ्रीची केटी सोडवत असतात, ती गोष्ट वेगळी.)

त्याला लहानपणापासून फोटोग्राफीचं वेड. त्या काळी फोटोची रसायनं महाग. सिल्व्हर नायट्रेट हवं होतं, पण पैसे नव्हते. तेव्हा वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी त्याने ॲसिडमध्ये विरघळवली, असं सांगतात. वडिलांनी पुढे काय केलं ते कुठे लिहिलेलं नाही, पण कल्पना करता येते.

विद्यापीठात तो प्रोफेसर थिओडोर स्वार्ट्स यांच्या हाताखाली शिकवू लागला आणि त्यांच्या मुलीच्या, सेलीनच्या, प्रेमात पडला. सरांना वाटत होतं की जावयाने प्राध्यापकी करावी. जावयाला वाटत होतं की प्रयोगशाळेतली गोष्ट बाजारात न्यावी. ८ ऑगस्ट १८८९ला लग्न झालं आणि प्रवासाची शिष्यवृत्ती हातात असलेला हा गडी बायकोला घेऊन जो अमेरिकेला गेला तो तिथलाच झाला. सासरे नाराज झाले असणार.

अमेरिकेतली पहिली वर्षं ओढाताणीची गेली. एका फोटोग्राफीच्या कंपनीत नोकरी, मग ती सोडून स्वतंत्र सल्लागार. एकाच वेळी दहा कल्पनांच्या मागे धावणं. त्यात आजारपण आलं, कर्ज झालं. अंथरुणात पडल्या पडल्या त्याने ठरवलं की आता एकच गोष्ट धरायची, जिच्यातून लवकरात लवकर पैसा उभा राहील. ती गोष्ट म्हणजे व्हेलॉक्स नावाचा फोटोचा कागद. तोवरच्या कागदांना प्रिंट काढायला सूर्यप्रकाश लागे, ढग आले की धंदा बंद. व्हेलॉक्सवर गॅसच्या दिव्याच्या उजेडात प्रिंट निघत असे. न्यूयॉर्कजवळच्या योंकर्स गावात लिओनार्ड जेकोबी या भागीदाराबरोबर त्याने नेपेरा केमिकल कंपनी काढली. सुरुवातीला धंदेवाईक फोटोग्राफरांनी नाकं मुरडली. हौशी लोकांनी मात्र कागद उचलून धरला.

१८९९मध्ये कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी कंपनी विकत घेतली. हा किस्सा फार रंगवून सांगितला जातो. बेकलँड म्हणे मनात पन्नास हजार डॉलर धरून गेला होता, पंचवीसवर उतरायचीही तयारी होती. पण ईस्टमननी आधी तोंड उघडलं आणि आकडा सांगितला साडेसात लाखांचा. हा गप्प राहिला आणि सही केली. साडेसात लाख हे सगळ्या कंपनीचे, एकट्या बेकलँडचे नव्हेत. तरी पस्तिशीत हा माणूस जन्मभर बसून खाईल इतका श्रीमंत झाला हे खरं. हडसन नदीच्या काठावर मोठं घर घेतलं आणि मागच्या कोठारात स्वतःची प्रयोगशाळा थाटली.

मधल्या काळात घरात एक दुःखही येऊन गेलं होतं. पहिली मुलगी जेनी लहानपणीच गेली. नंतरचा मुलगा जॉर्ज आणि मुलगी नीना मोठे झाले.

कराराच्या अटीमुळे फोटोग्राफीला आता हात लावता येत नव्हता. मग १९००च्या हिवाळ्यात तो बर्लिनजवळच्या शार्लोटेनबर्गला जाऊन चक्क विद्यार्थ्यासारखा इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकून आला. पैसा असताना पुन्हा बाकावर बसायचं, हे मला त्याच्या सगळ्या पेटंटांपेक्षा मोठं वाटतं. परत आल्यावर नायगारा धबधब्याच्या विजेवर कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या हूकर कंपनीच्या कामात त्याचा हात लागला. त्यानंतर त्याने जो प्रश्न हाती घेतला तो मात्र आपल्या देशाशी जोडलेला होता.

विजेचं युग सुरू झालं होतं. मोटारी, डायनामो, तारा, जिकडे तिकडे इन्सुलेशन हवं. त्यासाठी वापरत शेलॅक, म्हणजे आपली लाख. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे जी राळ सोडतात ती खरवडून, वितळवून, गाळून केलेली. जगाला ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून, छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतून जात असे. जुन्या लाकडी कपाटांवरचं फ्रेंच पॉलिश हेही लाखेचंच. किड्यांना काही ओव्हरटाईम लावता येत नाही. मागणी वाढली, भाव चढले. जो कुणी कृत्रिम लाख बनवेल त्याचं कल्याण, हे सगळ्यांना दिसत होतं.

फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र केलं की चिकट राळ होते हे ॲडॉल्फ फॉन बायर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७२मध्येच पाहिलं होतं. पण त्यांना हवी होती स्वच्छ, स्फटिक होणारी रसायनं. तळाशी जमलेला हा घट्ट चोथा धुताही येईना, विरघळेना, वितळेना. काचेचं भांडं सरळ फेकून द्यावं लागे. नंतरच्या अनेकांनीही हात टेकले. आपल्या लॅबमध्ये बुडाशी काही चिकटलं की लॅब असिस्टंट जसा आपल्याकडे बघतो, तसंच जर्मनीतही बघत असावेत.

बेकलँडने आपला मदतनीस नॅथॅनिएल थर्लो याच्याबरोबर सुरुवात केली ती सरळ मार्गाने, म्हणजे लाखेसारखी विरघळणारी राळ बनवण्यापासून. ती बनली. तिचं नाव ठेवलं नोव्होलॅक. पण लाखेपुढे ती टिकेना.

आणि आता लाकूड येतं. १९०७च्या जूनमध्ये तो लाकडाचे ठोकळे या मिश्रणात मुरवून तापवत होता. मऊ, स्वस्त लाकूड कणखर आणि पाण्याला न जुमानणारं करता येतं का, हे त्याला बघायचं होतं. आमच्या आईचा प्रश्न, शंभरहून जास्त वर्षं आधी! ठोकळ्यांचा पृष्ठभाग म्हणावा तसा कडक झाला नाही. पण लाकडातून जी थोडी राळ बाहेर झिरपली होती ती मात्र दगडासारखी. बेकलँडने तिथे लक्ष वळवलं. लाकूड बाजूला ठेवलं आणि ती राळच बंद नळीत घालून तापवायला घेतली.

आता इंजिनिअरिंगचा भाग बघा, केमिस्ट्री एवढी अवघड नाहीच. तोवरचे सगळे ही प्रक्रिया हळू करायच्या मागे होते. गरम केलं की ती भडकते, वाफ आणि वायू सुटतात, आणि हाती येतो बुडबुड्यांनी भरलेला ठिसूळ स्पंज. म्हणून ते तापमान खाली ठेवत. बेकलँडने उलट केलं. तापमान वाढवलं, अगदी शंभर अंशांच्या पुष्कळ वर नेलं, आणि बुडबुडे येऊ नयेत म्हणून भांडं बंद करून आत दाब दिला. दाब वाढला की पाणी उकळायला जास्त तापमान लागतं, हे कुकरचं तत्त्व. ज्या लोखंडी भांड्यात त्याने हे केलं त्याला बेकलायझर म्हणू लागले. दिसायला ते जुन्या बॉयलरसारखं बोजड आहे.

दुसरं त्याने काय केलं, तर प्रक्रियेच्या पायऱ्या ओळखल्या आणि त्यांना ए, बी, सी अशी नावं दिली. ए म्हणजे पातळ, स्पिरिटमध्ये विरघळणारी राळ. बी म्हणजे घट्ट, पण तापवली की अजून मऊ होणारी. सी म्हणजे संपलं. आता ती वितळत नाही, विरघळत नाही, जास्त तापवली तर जळेल पण पातळ होणार नाही. गूळ तापवला की पातळ होतो, निवला की पुन्हा ढेप. ते थर्मोप्लास्टिक. भाकरी एकदा भाजली की तिचं परत पीठ होत नाही. ते थर्मोसेट. बेकलँडचं कसब असं की भाकरी थापल्यावर, पण भाजण्याआधी, थांबायचं कुठे हे त्याला कळलं. बी पायरीवर माल थांबवला की तो पोत्यात भरून विकता येतो. शेवटचं भाजणं गिऱ्हाइकाने आपल्या साच्यात करावं.

१९०७च्या जुलैमध्ये त्याने उष्णता आणि दाबाच्या या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते ७ डिसेंबर १९०९ला मिळालं. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न नावाचा इंजिनिअर नेमकं हेच शोधत होता. तो पेटंट ऑफिसात पोहोचला तेव्हा कळलं की बेकलँडचा अर्ज एक दिवस आधी पडलाय. एक दिवस! सबमिशनच्या शेवटच्या तारखेचं महत्त्व आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. स्विनबर्नने डोक्यात राख घालून न घेता पुढे बेकलँडशी जुळवून घेतलं आणि ब्रिटनच्या बेकलाईट कंपनीचा तो अध्यक्ष झाला.

१९०९च्या फेब्रुवारीत बेकलँडने न्यूयॉर्कच्या केमिस्ट मंडळींपुढे शोध जाहीर केला. कारखाना काढायची त्याची तशी इच्छा नव्हती, नुसतं तंत्र विकायचं होतं. पण तंत्र घेणाऱ्यांना ते जमेना. म्हणून १९१०मध्ये जनरल बेकलाईट कंपनी निघाली आणि न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉयला उत्पादन सुरू झालं. मोटारीचे इग्निशनचे भाग, टेलिफोन, नंतर रेडिओची खोकी. पेटंट मोडणाऱ्यांशी कोर्टकज्जे झाले. ते जिंकल्यावर त्याने कंडेन्साईट आणि रेडमॅनॉल या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना १९२२मध्ये स्वतःच्या कंपनीत सामील करून घेतलं. १९२४च्या सप्टेंबरमध्ये टाईम मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र आलं. त्याच वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. हे सगळं कुठल्याही पुस्तकात सापडेल, मी स्वयंपाकघराकडे येतो.

वेस्टिंगहाऊस कंपनीत डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर असे दोन तरुण इंजिनिअर होते. ओ'कॉनरने बेकलाईटच्या पातळ राळेत भिजवलेलं कापड दांड्यावर गुंडाळलं, ती नळी उभी चिरली आणि प्रेसखाली सपाट केली. झाला कडक, पातळ, विजेला दाद न देणारा पत्रा. त्या वेळी हे काम अभ्रक, म्हणजे मायका, करत असे. या पत्र्याने मायकाच्या जागी काम करायचं, म्हणून १९१३मध्ये काढलेल्या कंपनीचं नाव पडलं फॉर्मायका. मजा बघा, लाख छोटा नागपूरची आणि कोडर्माचा अभ्रकही तिकडचाच. दोघांनाही पर्याय एकाच राळेतून निघाला. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते मुळात एका ब्रँडचं नाव. त्यात मायका औषधालाही नाही. इलेक्ट्रिकलची मुलं लॅबमध्ये ज्याला हायलम शीट म्हणतात तो याच घराण्यातला.

पण हा पत्रा काळा नाहीतर तपकिरी. फिनॉलची राळ मुळातच गडद आणि उजेडात आणखी काळवंडते. १९३०च्या दशकाच्या शेवटी मेलामाईनची रंगहीन राळ आली, तेव्हा तिच्यात भिजवलेला छापील कागद वरच्या थरात घालता येऊ लागला. आजचं लॅमिनेट असंच असतं. खाली फिनॉलमध्ये भिजवलेले क्राफ्ट पेपरचे थर, वर मेलामाईनमधला नक्षीचा कागद, आणि सगळं १२० अंशांहून जास्त तापमानाला, ५ मेगापास्कलहून जास्त दाबाखाली एकजीव केलेलं. बेकलायझरचाच नातू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या नव्या घरांमध्ये ओटेच्या ओटे या लॅमिनेटने मढले. ते बघायला बेकलँड राहिला नव्हता.

आपल्याकडे मात्र लॅमिनेट ओट्यावर चढलं नाही, ओट्याखालीच राहिलं, आणि मला ते बरोबर वाटतं. आपल्या ओट्यावर उकळती कढई थेट टेकवतात, खलबत्ता कुटतात, रात्री बादलीभर पाणी ओतून घासतात. लॅमिनेट वितळणार नाही, पण गरम कढईखाली त्याला फोड येतात आणि सांध्यातून पाणी आत गेलं की खालचं लाकूड फुगतं. इथे दगडच हवा. आता कुठला? कडाप्पा हा चुनखडीचा दगड. सिव्हिलवाल्यांनी जिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला चुनखडीवर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकून फेस बघितला असेल. लिंबू, चिंच, आमसूल तेच करतात, फक्त सावकाश, म्हणून जुन्या कडाप्प्यावर पांढुरके डाग दिसतात. ग्रॅनाईट सिलिकेटचा, त्याला लिंबाचं काही वाटत नाही. आत्याचा क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा आणि त्याला बांधणारी पॉलिएस्टरची राळ. डाग पडत नाहीत हे खरं, पण गरम भांड्याने राळ पिवळी पडते. शिवाय तो कोरडा कापताना उडणारी सिलिकाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. हे सांगितल्यावर आत्या थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली की काळा ग्रॅनाईट पण चालेल, पण चकचकीत हवा.

प्लायचा निकाल आम्ही पातेल्यात लावला. आईच्या परवानगीने, तिच्याच एका जुन्या पातेल्यात, पार्टिकल बोर्ड, साधा एमआर ग्रेडचा प्लाय आणि मरीन प्लाय असे तीन तुकडे उकळत ठेवले. पार्टिकल बोर्डचा अर्ध्या तासात उपमा झाला. साध्या प्लायच्या पातळ्या दुपारपर्यंत पुस्तकाच्या पानांसारख्या सुटल्या. मरीन संध्याकाळी गॅस बंद केला तरी तसाच. आयएस ७१०मध्ये मरीन प्लायला ७२ तास उकळायची चाचणी आहे, पण तेवढं सिलिंडर जाळायची परवानगी नव्हती. कारण सरळ आहे. साध्या प्लायमध्ये युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, त्यातले कार्बन-नायट्रोजनचे बंध गरम पाण्यात हळूहळू तुटतात. फिनॉलच्या राळेत रिंगांना जोडणारे पूल कार्बन-कार्बनचे. त्यांना पाणी काही करू शकत नाही. परीक्षेत आपण जे पूल घाईघाईत काढतो तेच हे.

शेवटी ठरलं ते असं. वर काळा ग्रॅनाईट. ओट्याखाली लाकडी खोके नाहीतच, कडाप्प्याच्या उभ्या फळ्या, कारण पाण्याखाली दिवसच्या दिवस राहायचं तर दगडाला तोड नाही. मधे स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या. दारं मरीन प्लायची, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट. एकाच बाजूने लावलं तर दार धनुष्यासारखं वाकतं, हे सुतारकाकांनी सांगितलं आणि मी मनात बायमेटॅलिक स्ट्रिप आठवली. कापलेल्या कडा सील करायच्या, आणि बिजागऱ्या अशा की पाणी चढायला लागलं तर दारं काढून माळ्यावर टाकता येतील. वरच्या कपाटांना एवढा प्लाय लागत नाही, तिथे बाबांनी पैसे वाचवले. या हिशोबात बेकलँडच्या वाट्याला फक्त दारं आली. पण आईला लाकडाची दारं हवी होती आणि लाकूड पाण्यापुढे टिकवायचं तर त्याच्याशिवाय गत नव्हती.

साहेबांचं पुढचं आयुष्य तसं सुखाचं म्हणवत नाही. माणूस मुळात एकलकोंडा. पैसा अफाट, पण थाटमाटाचा तिटकारा. बायकामुलांना मोटारीत घालून युरोपभर फिरवल्याचं त्याचं एक प्रवासवर्णन आहे, पण म्हातारपणी तो असा कुणाला घेऊन फिरला नाही. मुलगा जॉर्ज याच्या हाती कंपनी द्यावी असं त्याच्या मनात होतं. मुलाला त्या धंद्यात रस नव्हता. ज्या बापाने मुलाने जोडे शिवावेत म्हणून हट्ट धरला त्याचाच हा मुलगा, आणि आता त्याच्यापुढे तोच प्रसंग उलट्या बाजूने उभा राहिला होता. १९३९मध्ये, पंचाहत्तरीत, त्याने कंपनी युनियन कार्बाईडला विकली, सुमारे एक कोटी पासष्ट लाख डॉलरना. या खरेदीदाराचं नाव आपल्याला १९८४च्या भोपाळमुळे ठाऊक आहे. त्या घटनेशी बेकलाईटचा संबंध नाही, पण हे नाव वाचून पुढे जाता येत नाही एवढं खरं.

शेवटची वर्षं त्याने बरीचशी फ्लोरिडातल्या कोकोनट ग्रोव्हला काढली. पांढरे कपडे घालायचा, फार उकडलं की त्याच कपड्यांनिशी तळ्यात उतरायचा. आणि जेवण? ज्याच्या राळेने पुढे लाखो स्वयंपाकघरं मढली तो माणूस बंद डबा फोडून त्यातूनच खायचा, ताटसुद्धा घ्यायचा नाही. ओट्याची गरजच नाही!

२३ फेब्रुवारी १९४४ला न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावी त्याचं निधन झालं. स्लीपी हॉलो इथे त्याला पुरलं आहे. तो जुना बेकलायझर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्याच्या डायऱ्याही तिथेच, साठाहून जास्त वह्या. त्यातल्या सुरुवातीच्या वहीत जून १९०७ची ती लाकडाच्या ठोकळ्यांची नोंद आहे.